हवेचं भोक

वायसरअण्णांना चारचौघांसारखं नाव होतं, पण दवाखान्याच्या केसपेपरावर सोडलं तर ते आता कुठेच वापरात नव्हतं. नळ गळतोय एवढं कानावर पडायची खोटी, की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा आणि खिशातून वायसर काढायचा. सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हा सासऱ्यांशी दोन शब्द बोलायच्या आधी त्यांनी मोरीतला नळ उघडून बसवला होता, असं त्यांची बायको शेवटपर्यंत सांगायची. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे अण्णांना कधी कळलं नाही. त्यांना फक्त नळ कळायचे.

आता प्लंबिंगचं काम सुटलं होतं. गुडघ्यांनी संप पुकारला होता. वर घरात एक नवंच खूळ निघालं होतं, ते म्हणजे अण्णा विसरतात. दूध जळलं, विसरले. मोरीतला नळ चालू राहिला, विसरले. एकदा ते पिशवी घेऊन नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. ते दुकान केव्हाच उठलं होतं आणि तिथे केस कापायचं सलून आलं होतं. अण्णांनी खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पाइपाचा अर्धा इंची एल्बो मागितला. घरी विषय निघाला तेव्हा म्हणाले, "अरे, चेष्टा केली मी त्याची." सलूनवाल्याने मात्र त्यांना हाताला धरून घरापर्यंत आणून सोडलं होतं, आणि चेष्टा झालेला माणूस सहसा असं करत नाही.

"मी विसरत नाही," अण्णा ठणकावून सांगायचे. "तुम्ही लोक मला काही सांगतच नाही आणि मग विसरलात म्हणता!"

मुलाने शेवटी विषय काढलाच. दिवसभरासाठी एक बाई ठेवू, ती अण्णांजवळ बसेल, हवं-नको बघेल. अण्णांचा पारा असा चढला की सुनेने हळूच खिडकी लावून घेतली.

"मला सांभाळायला बाई? मग झबलं-टोपडंही आण! ज्या हातांनी अख्ख्या वस्तीचं पाणी सांभाळलं, त्यांच्यावर आता पहारा बसवणार?"

सून मध्ये पडली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि घरातला ताप उतरवण्याचं कामही बहुतेक तिच्याच वाट्याला यायचं. "एक दिवस बघू या ना," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या अण्णा एकटे राहतील. माझी लॅब कोपऱ्यावरच आहे. काही झालं नाही, तर बाईचा विषय बंद."

"आणि झालं तर?" मुलाने विचारलं.

"झालं तर दोन बायका ठेव," अण्णाच म्हणाले. "एक मला बघायला आणि दुसरी तिच्यावर नजर ठेवायला!"

असा तो परीक्षेचा दिवस उजाडला. मुलगा गोदामावर गेला, सून लॅबला गेली, आणि अण्णांनी दाराला आतून कडी घातली. किती दिवसांनी घरात कोणी "अण्णा, सांभाळून" म्हणणारं नव्हतं! सकाळ कशी सरली ते त्यांना कळलंच नाही. जेवण झालं. ताट घासून पालथं घातलं. गॅसची कळ बंद आहे ना, हे बघितलं आणि परत येऊन पुन्हा बघितलं, कारण परीक्षा ती परीक्षा. मोरीतला नळ इतका घट्ट पिळला की संध्याकाळी सुनेला तो उघडता येईल की नाही, अशी त्यांना शंका आली. मग ते हॉलमधल्या पलंगावर आडवे झाले.

पलंगासमोर सुनेची माशांची टाकी होती. अण्णांनी ती टाकी आल्या दिवसापासून पाण्यात पाहिली होती. घरात पाणी असावं ते नळात, हंड्यात, फार तर बादलीत. काचेत कोंडून त्याला दिवा लावायचा, हे त्यांच्या मते पाण्याचे फाजील लाड होते. वर मोठी टाकी, तिच्याखाली कपाटात दुसरी छोटी टाकी. वरचं जास्तीचं पाणी एका पाइपातून खाली उतरायचं, तिथे गाळलं जायचं, आणि खालचा पंप ते दुसऱ्या नळीने परत वर चढवायचा. पाणी दिवसभर वर-खाली करत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही. ती वर जाणारी नळी पूर्वी पाण्यावर धो धो सांडायची. अण्णांची दुपारची झोपमोड होते म्हणून सुनेने तिचं तोंड लांबवून थेट तळापर्यंत नेलं होतं. तेवढ्यावरून अण्णांनी टाकीला अर्धी माफी दिली होती. उरलेली अर्धी तिच्यातल्या एका ढेरपोट्या सोनमाशाला दिली होती. त्याला ते फौजदार म्हणायचे, कारण तो काही काम न करता दिवसभर गस्त घालायचा.

डोळा लागतो न लागतो तोच पंखा थांबला. वीज गेली. पंपाची गुणगुण बंद पडली आणि खोली एकदम शांत झाली. अण्णा कुशीवर वळले आणि पाचदहा मिनिटं डुलकले. त्या शांततेत त्यांना एक आवाज ऐकू आला, आणि तो ऐकायला त्यांचे कान म्हातारे झालेले नव्हते. कुठेतरी पाणी वाहत होतं.

त्यांनी पाय खाली टेकले ते थेट पाण्यात.

काळजात धस्स झालं. फरशीवर पाण्याचा पातळ थर पसरला होता आणि तो पलंगाखालून दाराकडे चालला होता. अण्णा गुडघ्यांना न जुमानता मोरीत धावले. नळ कोरडा ठणठणीत होता. तरी त्यांनी मोरीचा कॉक बंद केला, स्वयंपाकघराचा केला, मग दाराबाहेर जाऊन गच्चीवरून येणाऱ्या लाइनचा मोठा कॉकही करकचून फिरवला. आता या घरात पाण्याचा एक थेंबही शिरू शकत नव्हता. ते विजयी वीरासारखे हॉलमध्ये आले आणि दारातच खिळले.

पाणी वाढलं होतं.

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर त्यांनी हजार तऱ्हेच्या गळत्या पाहिल्या होत्या. भिंतीतल्या, छतातल्या, शेजाऱ्याच्या घरात उगवून आपल्या घरात फुटणाऱ्या. पण कॉक बंद केल्यावर थांबलं नाही असं पाणी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. कॉक बंद झाला की पाणी थांबतं, यावरच तर त्यांचा संसार चालला होता. हे पाणी येत होतं कुठून?

माशांच्या टाकीच्या कपाटातून येत होतं. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, तर खालची टाकी काठोकाठ भरून वाहत होती. मग त्यांची नजर वर गेली. वरच्या टाकीत जेमतेम चार बोटं पाणी उरलं होतं. फौजदाराची पाठ पाण्याबाहेर आली होती आणि तो एका बाजूला कलून तोंड उघडत-मिटत होता. टाकी फुटली, अण्णांना वाटलं. त्यांनी चारी कडांवरून हात फिरवला, पण काच शाबूत होती. कुठे चीर नाही, कुठे थेंब नाही, आणि डोळ्यांदेखत पाणी उतरत होतं.

तेवढ्यात दारातून खालच्या मजल्यावरची टेलरबाई आत आली. ती आपल्या उघड्या दाराशी मशीन टाकून बसायची. जिन्यावरून चढणारं-उतरणारं मांजरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

"अहो अण्णा! माझ्या छतातून पाणी गळतंय! खाली कापड पसरलंय, लोकांचं कापड!" ती ओरडली आणि मग तिला फरशी दिसली. "अगं बाई! हे काय करून ठेवलंत?"

"मी काही केलेलं नाही!" अण्णा तिच्याहून मोठ्याने ओरडले. "सगळे कॉक बंद आहेत! हे पाणी... हे आपलं आपणच येतंय!"

टेलरबाई शहाणी होती. तिने वाद घातला नाही, सरळ सुनेला फोन लावला आणि तो अण्णांच्या हातात दिला.

"सूनबाई, तुझी टाकी उलटी वाहतेय!"

पलीकडून सुनेचा आवाज आला, लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटशी बोलतात तसा. "अण्णा, आधी मेन स्विच पाडा. कपाटात तळाशी विजेचा बोर्ड आहे. वीज परत आली आणि तुम्ही पाण्यात उभे असलात तर... अण्णा, आधी ते करा."

अण्णांनी पायाखाली पाहिलं. अनवाणी पाय घोट्याशी ओले होते आणि पाणी त्या बोर्डाला शिवून बाहेर येत होतं. त्यांची बोबडीच वळली. ते भिंतीच्या कडेकडेने गेले आणि दाराशेजारचा मेन स्विच पाडला.

"पाडला," ते म्हणाले.

"आता वरच्या टाकीतली ती लांब नळी आहे ना, तिचं तोंड पाण्यातून वर उचला."

अण्णांनी नळी उचलली. 'गुडुक' असा आवाज झाला, नळीने हवेचा एक लांब घोट घेतला, आणि खालच्या टाकीवरून ओसंडणारं पाणी जागच्या जागी थांबलं. फौजदार कललेलाच होता, पण अजून हलत होता. टेलरबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि फडकी आणायला खाली पळाली.

"पण असं झालं कसं, अण्णा?" फोनमधून सून विचारत होती. "पंप थांबला की पाणी त्याच नळीने उलटं खाली येतं, म्हणून तर मी नळीला वर एक बारीक भोक पाडलंय. वीज गेली की त्यातून हवा आत शिरते आणि उलटा ओढा तिथल्या तिथे तुटतो. त्या भोकात काही अडकलंय का बघा बरं."

अण्णांनी नळीवरून बोट फिरवलं. वरच्या वळणाशी, जिथे भोक असायला हवं होतं, तिथे एक छोटं टेंगूळ हाताला लागलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण बोटांना दिसलं. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळून लावतात, ते सील होतं.

"बुजवलंय!" अण्णा ओरडले, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "सूनबाई, तुझं भोक कुणीतरी बुजवून ठेवलंय!"

"बुजवलंय?" सून चाट पडली. "मी येतेच."

फोन बंद झाला आणि अण्णा पलंगावर बसले. आत कुठेतरी एक मोठी कळ मोकळी झाली होती. सुटलो! आपली काही चूक नाही. ना नळ विसरला, ना गॅस. उलट आपणच मेन पाडला, आपणच नळी उचलली. घरात दुसरं कोणी असतं तर नुसतं बोंबलत बसलं असतं. संध्याकाळी मुलाला काय सांगायचं, त्याची उजळणीही त्यांनी सुरू केली. बाईचा विषय बंद. शब्द म्हणजे शब्द.

सून आली ती लॅबच्या पांढऱ्या कोटातच, धापा टाकत. तिने आधी अण्णांचे पाय पाहिले, मग हात, मग फौजदाराला. साठवणीच्या बादलीतलं पाणी टाकीत ओतलं तसा तो सरळ झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात गस्तीला लागला. टेलरबाई फडकी टाकून फरशी टिपत होती.

"हे बघ!" अण्णांनी नळी काढून पुराव्यासारखी पुढे केली. "कोणा गाढवाने केलंय हे? त्या मासेवाल्यानेच केलं असणार. मागे टाकी धुवायला आला होता ना? अर्धवट ज्ञान! अरे, भोक दिसलं की बुजवायचं? ते कशासाठी आहे ते विचारायचं नाही?"

"अण्णा, राहू दे. आधी बसा."

"राहू दे कसं? आज जीव गेला असता माझा! असल्या माणसाला पाण्याच्या आसपास उभं करता कामा नये. थांब, चष्मा दे माझा. काम तरी कसं केलंय बघू."

सुनेने चष्मा दिला. देताना ती जरा घुटमळली, पण अण्णा रंगात आले होते. ते खिडकीशी गेले आणि नळी उजेडात धरली.

काम मात्र चोख होतं. एवढुसा गोळा, कडा ओल्या अंगठ्याने नळीला एकजीव केलेल्या, कुठे फट नाही, कुठे जास्तीचा माल नाही. मासेवाल्याला सात जन्मात जमलं नसतं. अण्णांच्या तोंडून नकळत "वा" निघालं. मग त्यांनी नळी किंचित फिरवली आणि त्या गोळ्याच्या पोटावर त्यांना नखाने ओढलेली एक उभी रेघ दिसली. रेघेच्या शेजारी एक टिंब होतं.

अण्णा ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या मिस्त्रींचा एक दंडक होता. ज्याने गळती बुजवली, त्याने सील ओलं असतानाच आपली खूण करायची. उद्या पुन्हा गळलं तर शिव्या कोणाला घालायच्या ते लोकांना कळलं पाहिजे. कोणी फुली मारायचा, कोणी दोन आडव्या रेघा. रेघ आणि टिंब ही खूण एकाच माणसाची होती. वस्तीतल्या किती मोऱ्यांत, किती भिंतींआड ती अजून शाबूत असेल, याचा हिशेब नव्हता.

अण्णा त्या खुणेकडे बघत राहिले. आपलीच सही असलेलं पत्र यावं आणि त्यातला एक शब्दही आपण लिहिलेला नसावा, तसं त्यांना झालं.

"जुनं असेल हो ते," सून घाईघाईने म्हणाली. तिने ती खूण ओळखली होती. स्वयंपाकघरातल्या नळाखाली ती रोज बघत होती. "केव्हातरी तुम्हीच लावलं असेल, माझ्याच लक्षात आलं नसेल. चूक माझी आहे. मी तुम्हाला भोकाचं सांगायला हवं होतं."

"सांगितलं नव्हतंस?"

सून गप्प राहिली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि तेवढ्या गप्प राहण्यातून अण्णांना कळलं की तिने सांगितलं होतं. कदाचित एकदा नव्हे, अनेकदा.

त्यांनी अंगठ्याचं नख सीलवर दाबलं. वरची साल कडक होती. पण जोर दिला तसं नख हळूच आत रुतलं. आत अजून मऊ होतं. जुनं असतं तर ते दगड झालं असतं. किती वेळात सील किती सुकतं, हे अण्णांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. हे आजचं होतं, दुपारच्या जेवणाच्या आधीचं.

त्यांनी खिडकीचा गज धरला. आज सकाळी काय केलं, हे ते आठवू लागले. दाराला कडी घातली. मग ताट घासलं. या दोन गोष्टी एकमेकींना चिकटूनच उभ्या होत्या. मधे काही असायला हवं होतं, आख्खी सकाळ असायला हवी होती. तिथे हात घातला तर हाताला काहीच लागत नव्हतं.

"टेलरबाई," अण्णांनी विचारलं. "आज सकाळी आमच्याकडे वर कोण आलं होतं?"

टेलरबाईने फडकं पिळता पिळता मान वर केली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कोण येणार? कुणीच नाही. तुम्हीच तेवढे खाली आला होतात माझ्याकडे, चिंधी मागायला. सील मळत होतात हातात. मी म्हटलं, काय अण्णा, पुन्हा कामावर रुजू? तर म्हणालात, सूनबाईच्या नळीतून पिचकारी उडतेय, बिचारीला कळत नाही, ती यायच्या आत बंद करून टाकतो. किती खूश होतात! माझ्या मशीनजवळ बसून चहासुद्धा प्यायलात."

टेलरबाईने दोघांची तोंडं पाहिली, आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती बादली उचलून मोरीकडे गेली.

अण्णांनी आपले हात उजेडात धरले. उजव्या हाताच्या नखांत राखाडी कडा होत्या. ते हात चहाचा कप धरून बसले होते, हसले-बोलले होते, इतकं सुबक काम करून आले होते, आणि त्यांनी परत येऊन अण्णांना त्याची दादही लागू दिली नव्हती. अण्णांना भीती वाटली. पाण्याची वाटली होती, विजेची वाटली होती, पण ही भीती दोन्हींपेक्षा वेगळी होती. घरात दुसरं कोणीतरी राहतं आहे, आपल्याच कपड्यांत वावरतं आहे, आणि त्याला भेटायची सोय नाही.

सून जवळ आली. तिने त्यांच्या हातातली नळी काढून घेतली आणि त्यांचा हात तसाच धरून ठेवला.

"मी ह्यांना काही सांगणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "टाकीची नळी सुटली म्हणून सांगेन. फरशी संध्याकाळपर्यंत वाळेल. अण्णा, कुणाला काही कळणार नाही."

"मला कळलंय ना," अण्णा म्हणाले.

त्यांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. नंतर म्हणाले, "फोन लाव त्याला."

"आत्ता नको. ते कामावर आहेत. संध्याकाळी आले की शांतपणे..."

"संध्याकाळपर्यंत राहील का माझ्या लक्षात?"

सुनेने फोन लावला. मुलाने पलीकडून "काय झालं?" असं विचारायच्या आतच अण्णा बोलू लागले. आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून, दूरच्या गच्चीवरच्या हाताखालच्या माणसाला सांगतात तसे.

"ऐक. ती बाई बोलाव. उद्यापासून. मध्ये बोलू नकोस, आधी ऐकून घे. उद्या ती दारात आली की मी तिला आत घेणार नाही. मी ओरडेन. तुम्ही माझ्यावर पहारा बसवता म्हणून तुला आणि हिला वाटेल ते बोलेन. कोणी ठरवलं म्हणून विचारेन. तेव्हा सांग, अण्णांनी ठरवलं. मी म्हणेन, खोटं आहे, मी असं कधी म्हटलंच नाही."

ते थांबले. नखांतली राखाडी कड त्यांनी दुसऱ्या नखाने खरवडून पाहिली. ती निघाली नाही.

"तेव्हा माझं ऐकू नका," ते म्हणाले. "आत्ताचं ऐका."